&& च्या उजवीकडे काम करणारं फंक्शन लिहावं का?

अर्धविराम (धागाकर्ता):
माझं मत आधीच सांगतो: लिहू नये. हे चिन्ह म्हणजे कोडमधला ‘आणि’, दोन्ही बाजू खऱ्या असल्या तरच खरा. डावी बाजू खोटी निघाली की && उजवीकडे बघतच नाही, हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. तरी आम्ही फसलो. नोंदणीच्या फॉर्मवर नाव, फोन, पिनकोड आणि जन्मतारीख अशा चार तपासण्या होत्या. चूक सापडली की प्रत्येक फंक्शन त्या रकान्याखाली लाल सूचना लावायचं आणि खरं किंवा खोटं परत द्यायचं. चारही एका इफमध्ये && ने ओवलेली. नाव चुकलं की बाकीची तीन चालायचीच नाहीत. माणसाने नाव दुरुस्त करून बटण दाबलं की फोन लाल, तो दुरुस्त केला की पिनकोड लाल. टेस्टिंगमध्ये हे सापडलं नाही, कारण आम्ही एका वेळी एकच चूक करून बघत होतो. शेवटी चार निकाल आधी चार व्हेरिएबलमध्ये घेतले आणि मग && लावलं. तेव्हापासून मी म्हणतो, && ने फक्त विचारावं, काम करवून घेऊ नये.

टर्मिनलवाला:
असहमत. दोष && चा नाही, तपासणी आणि सूचना एकाच फंक्शनमध्ये कोंबल्याचा आहे. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो त्या खिडकीत, ‘सीडी बिल्ड && आरएम -आरएफ *’ लिहितो (बिल्ड फोल्डरमध्ये जा आणि तिथलं सगळं पुसून टाक), तेव्हा उजवीकडे कामच असतं. && च्या जागी ; टाका. बिल्ड फोल्डर नसेल तर सीडी फसेल, आरएम मात्र चालेल आणि तुम्ही उभे असाल त्या फोल्डरमधल्या फायली जातील. इथे उजवीकडचं काम अडतं म्हणूनच आपण वाचतो.

अर्धविराम:
शेलबद्दल मान्य. तिथे प्रत्येक ओळ म्हणजे कामच, वाचणाराही तसंच वाचतो. इफच्या कंसात मात्र तो प्रश्न वाचायला येतो.

जुनीफाईल:
मी व्हीबी 6 (व्हिज्युअल बेसिक) वर बरीच वर्षं काढली. तिथला ‘अँड’ दोन्ही बाजू चालवायचा. ऑब्जेक्ट नथिंग (म्हणजे रिकामा) नाही ना हे डावीकडे विचारून उजवीकडे त्याची प्रॉपर्टी वाचली, तरी एरर 91 यायचाच. म्हणून इफच्या पोटात इफ. डॉटनेटमध्ये जुना अर्थ न मोडता ‘अँडऑल्सो’ हा वेगळा शब्द दिला. एडा या भाषेतही ‘अँड देन’ वेगळा आहे. थांबायचं की नाही, हे शब्दातच दिसावं, असं मला मनापासून वाटतं.

डेटावाली:
हीच सवय एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नेऊ नका, ही विनंती. वेअरमध्ये (अटी लिहायच्या भागात) ‘नग शून्य नाहीत’ आणि ‘रक्कम भागिले नग 10 पेक्षा जास्त’ अशा दोन अटी अँडने जोडल्या, तर डावी आधी तपासली जाईल असा भरवसा नाही. ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) क्रम बदलू शकतो आणि शून्याने भागल्याचा एरर येऊ शकतो. मी नगांना नलइफ लावते, म्हणजे शून्याच्या जागी नल (रिकामी किंमत) येतं आणि एरर टळतो.

टर्मिनलवाला:
धागाकर्ते, तुमचा नियम पाळला तर ‘कॅशमध्ये बघ || डेटाबेसमधून आण’ हेही बाद होईल (|| म्हणजे ‘किंवा’: डावीकडे, म्हणजे जवळच्या तात्पुरत्या साठ्यात, मिळालं नाही तरच उजवीकडे जातो). ते मी सोडणार नाही. एका ओळीत हेतू कळतो.

अर्धविराम:
जावास्क्रिप्टमध्ये नेमकं तेच नडतं. कॅशमध्ये शिल्लक 0 असली तर || तिला खोटं धरतो आणि दर वेळी डेटाबेसकडे धावतो. 2020 पासून ?? आहे, डावीकडे नल किंवा अनडिफाइंड, म्हणजे किंमतच नाही, असं असेल तरच तो उजवीकडे जातो. ती ओळ ठेवायचीच असेल तर निदान || काढून ?? घाला.