रोज पाच-सहा तास चालणारा ग्राइंडर: 4 इंची (एजी-4) घ्यावा की 5 इंची (एजी-5)?

गेटग्रिल
तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, अधूनमधून ट्रॉलीची डागडुजी. माल मुख्यतः 40×40 चा 2 मिमी स्क्वेअर पाइप, 25×5 ची पट्टी आणि 50×50×6 चा अँगल. कटिंग आणि वेल्ड घासणं दोन्ही एकाच मशीनवर होतं. दोन कारागीर आहेत आणि दिवसाला पाच-सहा तास मशीन हातात असतं. दुपारनंतर व्होल्टेज 195-200 वर येतं. आताच्या मशीनचं आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) गेलंय. 850 वॅटचा 4 इंची घ्यावा की थेट 5 इंची? वॅट जास्त तर टिकतो जास्त, हे खरं का? आणि स्विच कुठला बरा?

आर्मेचर
वॅट जास्त म्हणजे दम जास्त. टिकणं वेगळं. डब्यावरचे वॅट म्हणजे मशीन किती वीज ओढतं ते. चाकापर्यंत त्यातले निम्मे ते साठ टक्के पोचतात, बाकीच्याची उष्णता होते. ती बाहेर काढणारा पंखा आर्मेचरच्याच शाफ्टवर बसलेला असतो. कारागिराने जोर दिला, मशीनचा आवाज बसला की करंट वाढतो आणि नेमका तेव्हाच पंखा मंदावतो. आर्मेचर जळतं ते इथे. म्हणून कारागिराला एकच सांगायचं: आवाज बसला की हात हलका कर. फार तापलं असेल तर लगेच बंद न करता मिनिटभर मोकळं फिरू द्यायचं, म्हणजे आतली गरम हवा निघून जाते.

मकिता 9553 सारखी 710 वॅटची मशीनं पट्टी आणि पातळ पाइप कापायला छान, हातात हलकी. पण 6 मिमी अँगलचं वेल्ड 6 मिमीच्या जाड चाकाने घासायला लागलात की त्यांचा आवाज लगेच बसतो. तुमच्या कामाला 850-900 चा वर्ग योग्य. डिवॉल्टचं डीडब्ल्यू801 850 वॅटचं आहे, बॉशचं जीडब्ल्यूएस 900-100 नावाप्रमाणे 900 चं. या वर्गात कुठली कंपनी यावर वाद घालण्यापेक्षा कार्बन (आर्मेचरला वीज पोचवणारे ब्रश), आर्मेचर, फील्ड कॉइल (आर्मेचरभोवतीची स्थिर गुंडाळी) आणि स्विच तुमच्या जवळच्या शहरात काउंटरवर मिळतात का ते विचारा. ज्याचे पार्ट मागवायला आठवडा लागतो ते मशीन कितीही चांगलं असलं तरी वर्कशॉपला निरुपयोगी. आणि पेटीवर 1200 वॅट छापलेलं, पण हातात घेतल्यावर खेळण्यासारखं हलकं लागणारं मशीन तिथंच ठेवून या. वॅट तांब्यातून आणि लोखंडातून येतात, त्यांना वजन असतं.

5 इंचीबद्दल: स्पिंडल (चाक बसतं ती आट्यांची दांडी) एम14 मापाचा, चाकाचं भोक 22.23 मिमी. 4 इंचीला एम10 आणि 16 मिमी. म्हणजे तुमच्याकडची चाकं, वायर ब्रश, नट काहीच त्याला चालणार नाही. गावात 4 इंची चाक प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, 5 इंचीसाठी शोधावं लागतं. मी असतो तर एका 5 इंचीऐवजी एकाच मॉडेलची दोन 4 इंची घेतली असती. एकावर कटिंग, दुसऱ्यावर घासणं. चाक बदलण्याचा वेळ वाचतो, शिवाय दोन्हीला तेच कार्बन, तोच स्विच.

गुण्या_पट्टी
दोन मशीनच्या सल्ल्याशी सहमत. पण 40 चा पाइप रोज ढिगाने कापत असाल तर ते ग्राइंडरचं कामच नाही. 4 इंचीच्या 105 मिमी चाकाने तो एका बाजूने आरपार जात नाही. गुण्याने चारही बाजूंना रेघ मारून पाइप फिरवत कापावा लागतो, आणि रेघ जरा चुकली की जोडात फट. 355 मिमीचा चॉप सॉ (एका जागी बसवलेलं, वरून दाबून कापायचं मशीन) घ्या, ग्राइंडरचे निम्मे तास कमी होतील.

चाकांचं. पाइपला 105×1.2×16 चं कटिंग चाक, घासायला 100×6×16 चं डीसी व्हील (मध्ये खोलगट असलेलं जाड चाक), रंगाआधीच्या फिनिशिंगला 60 किंवा 80 ग्रिटची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांचं चाक). कटिंग चाकाच्या बाजूने घासायचं नाही, कधीच नाही. त्याची जाळी आडवा दाब सोसायला बनवलेलीच नसते. डीसी व्हील साधारण 15 ते 30 अंशात धरायचं. मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि साल छापलेलं असतं, ती मुदत. बाइंडर रेझिनचा असतो, ओल धरली की कमजोर होतो. पावसाळ्यात चाकं जमिनीवर ठेवू नका.

गार्ड काढून 4 इंचीवर मोठं चाक चढवायची खोड सगळीकडे आहे. 180 मिमीच्या चाकाची मर्यादा 8,500 आरपीएमची असते आणि 4 इंची मशीन 11,000 च्या घरात फिरतं. ते चाक फुटणारच, आणि मध्ये गार्डही नाही.

फेज_न्यूट्रल
स्विचचं कुणी बोललं नाही. सरकवून लॉक होणाऱ्या स्विचमध्ये एक धोका आहे: लाइट गेली, कारागिराने मशीन तसंच खाली ठेवलं आणि लाइट परत आली की ते जमिनीवर नाचायला लागतं. जिथे दिवसातून चारदा लाइट जाते तिथे पॅडल स्विच घ्या, हात सुटला की बंद. नाहीतर रीस्टार्ट प्रोटेक्शन असलेलं, म्हणजे लाइट परत आली तरी आपोआप सुरू न होणारं मॉडेल बघा. पॅडलने दिवसअखेर हात भरून येतो हे खरं, तरी मी तेच सुचवेन.

व्होल्टेजचं अर्धं दुखणं बहुतेक वेळा एक्स्टेन्शनच्या वायरीत असतं. 850 वॅट म्हणजे 230 व्होल्टला पावणेचार अँपिअरच्या आसपास. पण चाकावर जोर पडला की दुप्पट होतात. 30 मीटर लांब 0.5 स्क्वेअर मिमीच्या वायरीत तेव्हा पंधरा-सोळा व्होल्ट जातात आणि 195 चे मशीनपाशी 180 उरतात. तांब्याची 2.5 स्क्वेअर टाका. वेटोळं पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर आतून तापते. लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवीच.

गेटग्रिल
दोन 4 इंची पॅडल स्विचची आणि पुढच्या महिन्यात चॉप सॉ, असं ठरवतोय. जुनं आर्मेचर रिवाइंड करून ते मशीन स्पेअर म्हणून ठेवलं तर? आणि देखभाल काय करायची?

आर्मेचर
रिवाइंडिंगमध्ये तार गुंडाळणं सोपं, बॅलन्सिंग अवघड. 11,000 आरपीएमला थोडं वजन इकडेतिकडे झालं तरी मशीन थरथरतं आणि बेअरिंग खाऊन टाकतं. कंपनीचं नवीन आर्मेचरच टाका. त्याआधी फील्डच्या दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर मोजा. दोन्ही सारखे यायला हवेत. एक कमी आला तर फील्डही गेलंय, आणि त्यावर बसवलेलं नवीन आर्मेचरही जळेल. मागच्या बेअरिंगवर रबराची टोपी असते, ती जोडताना विसरतात. मग बेअरिंग प्लास्टिकच्या बॉडीतच फिरून घर मोठं करतं.

देखभाल म्हणाल तर रोज संध्याकाळी मशीन मोकळं चालू ठेवून मागच्या जाळीतून कॉम्प्रेसरची हवा मारा, दाब 2-3 बार, डोळ्यावर गॉगल. लोखंडाचा कीस वाइंडिंगवर बसून इन्सुलेशन खरवडतो. कार्बन 5-6 मिमी उरला की दोन्ही जोडीने बदला आणि पाचेक मिनिटं बिनालोड फिरवा. काही कार्बनमध्ये आतून खिळा येतो, कार्बन झिजला की तो मशीनचा करंट आपोआप तोडतो. लोक स्विच गेला समजून तो बदलत बसतात, म्हणून अचानक बंद पडलं तर आधी कार्बन काढून बघा. कम्युटेटरवर (आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या भागावर कार्बन घासतात तिथे) बारीक निळी ठिणगी चालेल, पण गोल फिरणारी आगीची कडी दिसली तर लगेच बंद करा.