लसीचा मेसेज येतो. बाळ केंद्रावर पोहोचतं का?

सोनचाफा: परवा यू-विनचा (सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीचा) मेसेज आला: बाळाची १४ आठवड्यांची लस. ऑफिसच्या गडबडीत मी साफ विसरले होते! फुकटात होणारं काम आहे. प्रत्येक बाळामागे मोबाइल नंबर सक्तीचा करा, अर्ध्या चुकलेल्या लसी भरून निघतील.

ऊसफड: असहमत. तुम्ही विसरलात म्हणून मेसेज कामी आला. आमच्या बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीला ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. तारीख ठाऊक असते हो. पण कोयता एक दिवस थांबला की मुकादम खाडा धरतो. शिवाय कार्ड गावी पेटीत, फोन नवऱ्याच्या खिशात आणि रिचार्ज संपलेला.

सोनचाफा: मग तोच मेसेज फडाजवळच्या आशाताईंना का जाऊ नये? नोंद ऑनलाइन आहेच की.

आकडेमोड: जरा पुरावा बघू. पश्चिम केनियातल्या सियाया भागातला प्रयोग २०१७ साली छापून आला. मेसेज नसलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ८२ टक्के, नुसत्या मेसेजने ८६. हा फरक ठामपणे मेसेजचाच म्हणता येईना. सोबत दर लसीला २०० शिलिंग दिले तेव्हा ९०. आपल्याकडे उदयपूरच्या खेड्यांत मेसेज नव्हताच. एरवी ६ टक्के, ठरल्या दिवशी हमखास भरणाऱ्या शिबिरांनी १८ आणि वर दर खेपेला किलोभर डाळ दिली तर ३९. मी डाळीच्या पक्षात! (हरियाणात मात्र मेसेज कामी आले. पण तिथे जोडीला गावभर बातमी पोहोचवणारी माणसंही हेरली होती.)

चाळकरी: २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला तेव्हा मी तिथेच राहत होतो. 'आधीच्या सुईने पोर रात्रभर तापलं, आता परत तीन सुया?' असं बायका विचारायच्या. तारखेच्या मेसेजात याला उत्तर कुठेय? नर्सताई दारात बसून समजवायच्या, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी पोर केंद्रावर यायचं.

सोनचाफा: 'ताप येईल, घाबरू नका' हेही मेसेजात लिहिता येतं. मराठीत, हिंदीत, उर्दूत.

ऊसफड: लिहा की. पण नंबर कुणाचा आहे ते आधी बघा. आमच्या वाडीत तीन बाळांच्या कार्डांवर एकाच आजोबांचा नंबर आहे. त्यांना वाचता येत नाही. मेसेज वाजला की फोन घेऊन माझ्याकडे येतात, आणि निम्म्या वेळा तो लोनच्या जाहिरातीचा निघतो.