कार्बन पोलादाच्या जपानी सुरीवरचा निळसर थर रोज घासून काढावा का?

प्रश्न
तीन आठवड्यांपूर्वी मी शिरोगामी २ या पोलादाची, हाताने घडवलेली नाकिरी, म्हणजे भाज्या चिरायची सरळ पात्याची सुरी, घेतली. पहिल्याच दिवशी कांदा चिरल्यावर पात्यावर निळसर-करडे डाग उमटले आणि कांद्याच्या फोडीही काळपट पडल्या. गंज समजून मी रोज भांडी घासायच्या पावडरीने पाते लख्ख करते, तरी डाग पुन्हा येतात आणि आता मुठीलगत तांबूस ठिपकेही दिसू लागले आहेत. सुरी सदोष आहे, की माझे काही चुकते आहे?

उत्तर १
सुरी उत्तम आहे. तिला रोज घासणे मात्र आजपासून थांबवा. पोलाद न गंजण्यासाठी त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. शिरोगामीत ते जवळपास नसतेच, कार्बन मात्र सुमारे १.१ टक्के असतो आणि त्यामुळेच पात्याला इतकी कठीण व बारीक धार घेता येते. निळसर-करडा थर हा लोखंडाच्या ऑक्साइडचाच, पण पात्याला घट्ट धरून राहणारा थर आहे आणि तो पुढच्या गंजाला बऱ्याच अंशी अडवतो. तांबूस गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आत खात जातो. तो तेवढा काढायचा. तुम्ही रोज पाते उघडे करता, म्हणून रोज नवे लोखंड कांद्याशी भिडते आणि फोडी काळ्या पडतात. थर बसला की हा त्रास आपोआप कमी होईल. घाई असेल तर पात्याला कोमट व्हिनेगर लावूनही तो आणता येतो.

उत्तर २
व्हिनेगरचा उपाय मला पटत नाही, कारण आम्लाने सर्वांत आधी झिजते ती धारेची बारीक कड. रोजच्या चिरण्यातून आलेला थर सावकाश येतो, पण चांगला टिकतो.

मुठीलगतच्या ठिपक्यांचे कारण बहुधा वेगळे आहे. अशा बऱ्याच सुऱ्यांत मधोमध कठीण पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड जोडलेले असते, आणि ते लोखंड धारेपेक्षा लवकर गंजते. शिवाय पाते लाकडी मुठीत शिरते तेथे पाणी साचते आणि वरवर पुसल्याने ते निघत नाही. खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप बाटलीच्या बुचाने फक्त ठिपक्यांवर चोळा. चिरताना शेजारी ओले फडके ठेवा, लिंबू किंवा टोमॅटो चिरल्यावर पाते लगेच पुसा, आणि काम संपताच धुऊन, कोरडे करून, मूठ वर राहील अशी थोडा वेळ उभी ठेवा. काही दिवस वापरणार नसाल तर कॅमेलियाच्या तेलाचा पुसट हात फिरवा. सुरी ओलसर असताना लाकडी म्यानात कधीही घालू नका.

प्रश्नकर्ती
सुरी धुऊन मी निथळायला पातेच वर करून ठेवत होते, म्हणजे सगळे पाणी मुठीत उतरत होते. आओगामी या दुसऱ्या जपानी कार्बन पोलादाची सुरी घेतली असती तर हे टळले असते का?

उत्तर १
नाही. ही नावे पोलाद ज्या पांढऱ्या व निळ्या कागदात गुंडाळले जाई त्यावरून पडली आहेत. आओगामीत टंगस्टन आणि थोडे क्रोमियम असल्याने धार जास्त काळ टिकते, पण गंज रोखायला ते क्रोमियम फारच अपुरे आहे. पुसण्याची सवय तिलाही लागतेच, आणि दगडावर धार लावायला शिरोगामी अधिक सोपे. तुम्ही १००० ग्रिटच्या, म्हणजे मध्यम खरखरीत, दगडावर सुरुवात करा.