पायगेम: टोपली डावीकडे वेगात, उजवीकडे हळू (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. नागपुरात आठवीच्या मुलांना पायथन शिकवतो. वरून पडणारी संत्री टोपलीत झेलायची, असा छोटा गेम आम्ही पायगेममध्ये (पायथनची गेम बनवायची लायब्ररी) करतोय. टोपलीचा वेग सेकंदाला २०० पिक्सेल, तो डीटीने (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदांत) गुणून थेट रेक्टच्या (टोपलीची जागा ठेवणारा आयत) एक्समध्ये मिळवतो. क्लॉक.टिकला ६० दिले आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ६० फ्रेम.

टोपली डावीकडे फ्रेममागे ४ पिक्सेल सरकते, उजवीकडे मात्र ३च. त्याहून विचित्र म्हणजे संत्र्याचा वेग ४० केला की ते हवेतच अडकतं, खाली येतच नाही. मुलं फार हिरमुसतात.

बटणांची अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. डीटी प्रिंट केला तर ०.०१६ किंवा ०.०१७ येतो, म्हणजे तो ठीक आहे. रेक्टचा एक्स प्रिंट केल्यावर दिसलं की तो कायम पूर्णांकच असतो, अपूर्णांक गळून जातो.

लॅबमध्ये इंटरनेट नाही, त्यामुळे नवीन लायब्ररी टाकता येणार नाही. डीटी काढायचा नाहीये, कारण जुन्या संगणकांवर फ्रेम कमी पडतात.

मग खरी जागा वेगळ्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक ठेवणारी संख्या) ठेवून दर फ्रेमला रेक्टमध्ये भरायची, की व्हेक्टर२ (एक्स-वाय दोन्ही अपूर्णांकासह ठेवणारा पायगेमचा प्रकार) वापरायचा? आणि टोपली भिंतीला टेकल्यावर क्लॅम्प (जागा कडेच्या आत रोखणं) नेमका कशावर लावायचा, फ्लोटवर की रेक्टवर?