वजन नाही, तरी जडत्व?

शब्दवेडी
एका अवकाशयानाच्या गेममधल्या सूचना मराठीत आणतेय. एक वाक्य असं झालं: ‘इथे वजन जाणवत नसलं तरी जडत्व असतं, म्हणून इंजिन बंद केल्यावरही यान थांबत नाही.’ मैत्रिणीने वाचलं आणि लगेच अडली. वजन नाही तर जड कसं? तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. दुसरा शब्द आहे का?

धूमकेतू
बदलू नका. जड-चेतन म्हणतो तेव्हाचा हा ‘जड’, म्हणजे अचेतन, आपणहून न हलणारा. रोजच्या बोलण्यात वजनदार असा अर्थ झाला म्हणून पाठ्यपुस्तकातली संज्ञा टाकायची का?

पायलट७
आपणहून न हलणारा? इथे तर आपणहून न थांबणाऱ्या यानाबद्दल बोलणं चाललंय! मला जडत्व शाळेत कळलंच नाही, कळलं ते १९९३च्या ‘फ्रंटियर’मध्ये. त्याआधी खेळलेल्या गेममध्ये नाक वळेल तिकडे यान जायचं, विमानासारखं. इथे नाक काटकोनात फिरवलं तरी यान आडवंच, जुन्या दिशेने सरकत राहिलं. घाम फुटला होता. थांबायचं तर उलट रेटा द्यावा लागतो, आणि माल भरून वस्तुमान दुप्पट झालं तर तोच रेटा दुप्पट वेळ. सरळ ‘इनर्शिया’ लिहा, खेळणारे तेच म्हणतात.

शब्दवेडी
‘रेटा’ मात्र घेते. मी ‘प्रणोद’ लिहिलं होतं.

अक्षरा
विश्वकोशात ‘निरूढी’ आहे. जड-हलक्याचा गोंधळच मिटतो.

पायलट७
आणि रूढी-परंपरेचा सुरू होतो.

धूमकेतू
खेळणारे म्हणतात म्हणून इनर्शिया, मग उलट दिशेसाठीचं रेट्रोग्रेडही तसंच ठेवणार? पंचांगात मार्गी आणि वक्री हे शब्द तयार आहेत. ‘कर्बल’ या गेममध्ये यानाची पुढची आणि उलट दिशा दाखवणाऱ्या दोन खुणांना अगदी चपखल बसतात.

पायलट७
मुळीच नाही. मंगळ वक्री होतो तो फक्त आपल्याला दिसायला. पृथ्वी त्याला मागे टाकते तेव्हा तो उलटा सरकल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात वळत नाही. गेममधली ती खूण म्हणजे यान जातंय त्याच्या बरोबर उलट दिशा. दिसण्याचा प्रश्नच नाही.

धूमकेतू
आणि नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन? नेपच्यूनच्या परिवलनाच्या उलट दिशेने तो खरोखर फिरतो. त्याला वक्री म्हणायचं नाही?

अक्षरा
उलट-सुलट म्हणा की! सुलट खूण, उलट खूण. पोरांनाही कळेल.

शब्दवेडी
छान आहे. पण त्याच पानावर पुढे आहे: ‘कक्षेत पुढच्या यानाला गाठायचं तर उलट रेटा द्या.’

पायलट७
बरोबरच आहे. उलट रेटा दिला की कक्षा खाली येते, फेरी लवकर पुरी होते आणि यान पुढे सरकतं. १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकी यानातून आपल्याच रॉकेटच्या टप्प्याजवळ जाताना सरळ त्याच्याकडे रेटा दिला, तर अंतर वाढतच गेलं.

अक्षरा
मग ‘ब्रेक’ला काय लिहिलंयस?