मदत हवी आहे : तीन वर्षांनंतर पदव्युत्तर प्रवेश घ्यावा की चौथे वर्ष पूर्ण करावे?

सर्वांना नमस्कार. आम्ही वाळपईला राहतो. माझी मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात आहे आणि पुढे ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकावे, ही तिची मनापासूनची इच्छा आहे. विद्यापीठ लहान असले, तरी दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळच आहे आणि या विषयासाठी मला ती फार मोठी जमेची बाजू वाटते.

अडचण निर्णयाची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते, तर चौथे वर्ष पूर्ण केल्यास एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तरतूद आहे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असतील, तर थेट पीएच.डी.साठी पात्र ठरता येते. वर्षे दोन्हीकडे सारखीच, पण ज्या महाविद्यालयात संशोधनाची साधने तुटपुंजी आहेत, तिथे चौथे वर्ष काढण्यापेक्षा विद्यापीठातील दोन वर्षे अधिक उपयोगी ठरतील, असे मला वाटते. तिची प्रयोगवही मी पाहिली; खेकड्यांच्या आकृत्या सुबक आहेत, परंतु प्रत्यक्ष खाडीवर जाऊन केलेली एकही नोंद त्यात नाही.

ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी या विभागात शिक्षण घेतले आहे, त्यांनी कृपया प्रवेशपरीक्षेची तयारी कशी केली, क्षेत्रकार्य किती मिळते आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळते का, हे सांगावे. वाळपईहून रोज बसने ये-जा करणे तिला झेपणार नाही. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून आताच काढून ठेवावा का?