बेटावरचं स्नॉर्कलिंग आणि बोगनवेलवाला कॅप्टन : तुमचेही अनुभव लिहा

दिवाळीनंतर मॉरिशसला जाऊन आलो. आल्यापासून डोक्यात दोनच गोष्टी फिरतायत, म्हणून हा धागा. पहिली म्हणजे स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं), कारण आमच्या घरात पोहता कोणालाच येत नाही आणि तरीही सगळ्यांनी केलं. दुसरी बोगनवेल. ही कुठून आली ते खाली सांगते.

आम्ही ब्लू बेला गेलो होतो, बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, एअरपोर्टपासून अगदी जवळ. तिथला सगळा उपसागर मरीन पार्क आहे आणि २००८ पासून रामसार यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे. होडीवाला आधी काचेच्या तळाच्या बोटीतून फिरवतो. सासूबाई त्यातच खुश होत्या, पाण्यात उतरायला चक्क नाही म्हणाल्या. मग नवरा आणि लेक ट्यूब घालून उतरल्यावर काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या मला पण द्या ते चष्म्यासारखं. लाइफ जॅकेट घालून, शिडीची कड धरून नुसतं तोंड पाण्यात घातलं त्यांनी आणि मग बाहेर काढेचनात! मी घाबरून हलवलं तर माझ्यावरच चिडल्या, की अगं काय करतेस, तो हिरवा मासा दगड खातोय, आवाज येतोय बघ त्याचा. आणि खरंच येतो हो. पोपट मासे चोचीने प्रवाळ खरवडतात तेव्हा पाण्याखाली कुरुम कुरुम असं स्पष्ट ऐकू येतं. नंतर वाचलं की ते प्रवाळाचं पीठ त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतं आणि पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांवरची बरीचशी वाळू तीच असते. हे सासूबाईंना सांगितलं नाही, त्या अनवाणी फिरत होत्या.

आता बोगनवेल. हॉटेलच्या भिंतीवर, शाळांच्या कुंपणावर, पेट्रोल पंपावर, जिकडे बघावं तिकडे राणी कलरची बोगनवेल. आमचा टॅक्सीवाला म्हणाला, ज्याच्या नावाने हे झाड आहे तो कॅप्टन इथे येऊन गेलाय. मला आधी थाप वाटली, टुरिस्टला काय काहीही सांगतात. पण घरी येऊन शोधलं तर खरंच. लुई आंत्वान द बूगॅंव्हिल, फ्रेंच. १७६६ ला निघाला आणि पृथ्वीला चक्कर मारून १७६९ ला परत. त्याच्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ होता फिलिबेर कोमेर्सों. त्याला १७६७ मध्ये रिओच्या आसपास हे झुडूप सापडलं आणि कॅप्टनचं नाव दिलं त्याला (साहेबाला खुश ठेवायची पद्धत जुनीच आहे). १७६८ च्या नोव्हेंबरात जहाजं मॉरिशसला लागली, तेव्हा त्याचं नाव होतं इल द फ्रान्स. कॅप्टन पुढे गेला, कोमेर्सों तिथेच उतरला आणि १७७३ ला तिथेच वारला.

आणि खरी गंमत तर पुढे आहे. कोमेर्सोंचा मदतनीस म्हणून जहाजावर चढलेला पोरगा मुलगा नव्हताच, ती झान बारे नावाची बाई होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना परवानगी नव्हती म्हणून पुरुषाचे कपडे घालून चढली. ताहितीच्या लोकांनी ओळखलं म्हणे, कॅप्टनने स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहिलंय ते. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली बाई मानतात तिला. कोमेर्सोंचा पाय दुखावलेला असायचा त्यामुळे रिओला ते झुडूप प्रत्यक्षात तिनेच तोडून आणलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. काम कोणी केलं आणि पाटी कोणाची लागली बघा.

तर तुम्ही कुठल्या बेटावर स्नॉर्कलिंग केलंत, काय दिसलं, काय फसलं, पोहता न येणाऱ्यांनी काय करावं, सगळं लिहा. बोगनवेलीबद्दल असेल तर तेही चालेल.

मिशीधारी

ताई, मस्त विषय. मी अंदमानवाला, म्हणजे टुरिस्ट म्हणून. हॅवलॉकला एलिफंट बीच, आता बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे पण बोटवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथे पोहणं न येणाऱ्यांना गाईड रबरी रिंग धरायला लावतो आणि स्वतः पोहत ओढत नेतो, आपण फक्त पालथं पडून खाली बघायचं.

माझा प्रॉब्लेम वेगळाच. मिशी! मास्क वरच्या ओठावर नीट बसत नाही आणि पाणी आत येतं, मग नाकात, मग खोकला, मग गाईड म्हणणार सर रिलॅक्स. रिलॅक्स काय डोंबल. शेवटी एका बंगाली काकांनी उपाय सांगितला, मिशीला व्हॅसलिन थापा. थापलं, थेंब नाही आला आत. बायको म्हणाली काढून टाका सरळ, पण ते शक्य नाही. आणि मास्कवर वाफ धरत असेल तर आतून थुंकी चोळून पाण्यात एकदा विसळा, घाण वाटत असेल तर बेबी शाम्पूचा थेंब.

बंदरावरचो

मी मालवणचा. तुमचा तो कोमेर्सों आमच्या ताटात आहे हे कोणी सांगितलं नाही वाटतं तुम्हाला! सुरमई, जिला आम्ही इसवण म्हणतो, तिचं शास्त्रीय नाव स्कोम्बेरोमोरस कॉमर्सन. तोच हा माणूस. त्याने मॉरिशसला असताना माशांच्या नोंदी आणि चित्रं करून ठेवली होती, तो गेल्यावर ती पॅरिसला पोचली आणि लासेपेद नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावरून १८०० च्या सुमारास माशांना नावं दिली. म्हणजे कॅप्टनला मिळालं कुंपणावरचं काटेरी झुडूप आणि त्याच्या माणसाला मिळाली इसवण. माझ्या मते कोमेर्सों फायद्यात.

आता स्नॉर्कलिंग. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला खडकात करतात. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. प्रवाळ आहे, पण फोटोत अंदमान बघून येणारे लोक इथे उतरले की तोंड वाकडं करतात. अरे बाबांनो, इथे नद्या-खाड्यांचं पाणी येतं, गाळ येतो, ती निळी काच कुठून मिळणार? डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी लवकर या, वारा पडलेला असताना, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. मे महिन्यात गर्दी जास्त आणि दिसणार कमी. पावसाळ्यात बंदच. आणि एक विनंती, प्रवाळावर उभं राहून फोटो काढू नका. दगड वाटतो पण तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे, एका लाथेत मोडतो, परत वाढायला वर्षं लागतात. गाईडच ब्रेड टाकून मासे गोळा करतात कधी कधी, त्यालाही नाही म्हणा. सांगून दमलो मी.

कुंडीतली माती

पाण्याची मला भीती, त्यामुळे मी फक्त बोगनवेलीपुरती आले आहे :)

ताई, राणी कलरचं जे दिसतं ते फूल नाहीच मुळी. ती रंगीत पानं आहेत. एक गुच्छ हातात घेऊन बघा, तीन रंगीत पानं असतात कागदासारखी आणि प्रत्येकीच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी, टोकाशी पांढरट चांदणी. ते खरं फूल. बहुतेकांनी आयुष्यभर कुंपणावर बघून ते कधी पाहिलेलं नसतं.

बहर येत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, मी विचारते पाणी किती घालता, तर म्हणतात रोज. झालं! बोगनवेलीला लाड चालत नाहीत. पाऊस संपला की छाटा, ऊन भरपूर द्या, पाणी तोडा, पानं जरा मलूल झाली की मग घाला. नत्राचं खत दिलंत तर नुसता पाला वाढेल. म्हणून तर हायवेच्या दुभाजकावर, जिथे कोणी विचारत नाही, तिथे ती सगळ्यात छान फुलते. मेरी पामर नावाची जात मिळाली तर जरूर लावा, एकाच फांदीवर पांढरी आणि गुलाबी. आणि बोगनवेलीच्या नव्या जातींची जगभरातली नोंदणी आपल्या दिल्लीच्या पुसा संस्थेत होते, हे सांगितलं की लोकांना पटत नाही.

उसाच्या देशात

नोकरीनिमित्त काही वर्षं मॉरिशसलाच होतो म्हणून लिहितो. ब्लू बे आज जे दिसतं ते थोडक्यात वाचलेलं आहे. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज तिथून अगदी जवळ, प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये फुटलं आणि साधारण हजार टन तेल पाण्यात गेलं. शनिवार-रविवारी जवळचं अख्खं माहेबुर्ग गाव किनाऱ्यावर होतं. उसाची वाळलेली पानं कापडी पोत्यात कोंबून, आत प्लास्टिकच्या बाटल्या घालून लोकांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले. सलूनमधून केस गोळा केले, कारण केस तेल धरतात. मी पण पोती शिवत बसलो होतो, शेजारी एक आजी होत्या, त्यांचे पूर्वज कोकणातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून आलेले. मराठी तुटक बोलायच्या, मध्येच क्रिओल, म्हणजे तिथली बोली. मला म्हणाल्या, "पोरा, टाका घट घाल." हात काळे झालेले, वासाने डोकं दुखत होतं, पण कोणी घरी जायला तयार नाही. तेल मुख्यतः उत्तरेकडे वाहत गेलं म्हणून ब्लू बेचं प्रवाळ बऱ्यापैकी सुटलं, पलीकडच्या खारफुटीला मात्र भोगावं लागलं.

जाणाऱ्यांसाठी: जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा, आग्नेयेकडून वारं असतं आणि ब्लू बे त्याच बाजूला. तेव्हा पश्चिम किनाऱ्याला जा, फ्लिक आं फ्लाक किंवा त्रू ओ बिश. आणि रबरी बूट घालूनच पाण्यात उतरा, तिथे लाफ म्हणतात तो दगडमासा असतो, दिसत अजिबात नाही आणि काटा भयंकर विषारी.

केर्न्सची पाहुणी

मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले होते तेव्हा ग्रेट बॅरियर रीफला नेलं तिने. वय सांगत नाही पण गुडघे बदललेले आहेत. मोठी बोट, समुद्रात तरंगता प्लॅटफॉर्म, हातात धरायला नूडल म्हणतात तसा फोमचा दांडा, आणि डोक्यापासून पायापर्यंत निळा पातळ सूट, जेलीफिशचा सीझन होता म्हणून. त्या सूटमध्ये मी कशी दिसत होते त्याचा फोटो मुलीने फॅमिली ग्रुपवर टाकला, असो.

तुमच्या कॅप्टनची गोष्ट वाचून मुलीला फोन केला तर ती म्हणाली आई, तो इथवर आला होता की. १७६८ च्या जूनमध्ये ताहितीहून पश्चिमेला येताना समोर लाटा फुटताना दिसल्या, जमीन नाही आणि लाटा मात्र फुटतायत, म्हणजे प्रवाळ. त्याने जहाजं उत्तरेला वळवली. त्या खडकाला आज त्याचंच नाव आहे. दोन वर्षांनी इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक आला, तो नाही वळला वेळेवर, त्याचं जहाज रीफवर चढलंच. माझ्या मनात आलं, ज्या खडकाच्या नुसत्या आवाजाने त्या खलाशांची गाळण उडत होती तिथे मी तिकीट काढून पालथी पडले होते आणि वर चहा-बिस्किट पण मिळालं.

सरळ बोलतो

मी वेगळा सूर लावतो, चालेल ना? लक्षद्वीपला गेलो होतो, परमिटची यातायात करून. लॅगून म्हणजे स्वर्ग, पाण्याचा रंग शब्दात नाही सांगता येत. पण खाली तोंड घातलं आणि मन खट्टू झालं. २०२४ च्या उष्णतेच्या लाटेनंतर प्रवाळ मोठ्या पट्ट्यात पांढरं पडलेलं, काही ठिकाणी त्यावर शेवाळ. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शैवाल बाहेर टाकतं, रंगही त्याचाच असतो आणि अन्नही त्याच्याकडूनच, म्हणून उपासमार होते. मासे होते, कासव पण दिसलं, बायको-पोरं खुश. पण आमचा होडीवाला म्हणाला की त्याच्या लहानपणी इथे खाली रंगच रंग होते, आणि पुढे काही बोलला नाही. त्यामुळे "सगळं मस्त" असं मला लिहिता येत नाही. सनस्क्रीन लावायचं तर ऑक्सिबेन्झोन (प्रवाळाला घातक मानलं जाणारं रसायन) नसलेलं घ्या, हवाईने २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. त्याहून सोपं म्हणजे पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, पाठ भाजत नाही.

धागाकर्ती

बाप रे, इसवणीचं वाचून नवरा दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलाय. बंदरावरचो, आम्हाला ब्लू बेला एक हातभर लांब, बोटाएवढा जाड, पारदर्शक निळसर मासा दिसला होता, तोंड नळीसारखं, काठीच तरंगतेय असं वाटत होतं. तो कोणता?

बंदरावरचो

कॉर्नेटफिश असणार. आणि आता हसू नका, त्याचं शास्त्रीय नाव फिस्टुलॅरिया कॉमर्सोनी. पुन्हा तोच!

कुंडीतली माती

आणि त्या बाईच्या नावाने काय आहे? झान बारे?

धागाकर्ती

शोधलं मी. कोमेर्सोंने एका झाडाला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं पण ते टिकलं नाही. मग थेट २०१२ ला दक्षिण अमेरिकेतल्या एका रानवेलीला सोलॅनम बारेती नाव दिलं, म्हणजे आपल्या वांगी-बटाट्याच्या कुळातली. तिला हयातीत १७८५ मध्ये फ्रेंच नौदलाने वर्षाला २०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) पेन्शन मात्र दिली.

मिशीधारी

वांग्याचं कुळ का असेना, मिळालं तर खरं. बरं, फेब्रुवारीत मालवणला येतोय, सोबत सात वर्षांची भाची आहे. तो पूर्ण तोंड झाकणारा मास्क मुलांना द्यावा का? दुकानदार म्हणतो तोच सोपा.

बंदरावरचो

नको. स्वस्तातल्या मास्कमध्ये सोडलेला श्वास नीट बाहेर जात नाही, आतच घुटमळतो, आणि घाबरलं मूल तर पट्टे पटकन निघत नाहीत. लहान मुलांच्या साइजचा साधा डोळे-नाकाचा मास्क आणि वेगळी नळी घ्या. आदल्या दिवशी बादलीत तोंड घालून सराव करून घ्या तिच्याकडून. आणि येताना व्हॅसलिन आणा, इथे मिळतं पण सीझनला दुकानदार भाव लावतात.